टॅबमधल्या फाइलींना पासवर्ड कसा लावायचा? मदत हवी आहे

कावेरी_७:
टॅबवरच्या काही फाइलींना पासवर्ड लावायचा आहे. सगळी सेटिंग्ज पालथी घातली, कुठेही तसा पर्याय नाही. टॅबला पासवर्ड आहे, पण तो घरात सगळ्यांना माहीत आहे. मला फाइलीलाच कुलूप हवंय. उद्या टॅब दुसऱ्याच्या हातात जाणार आहे. कुठे काय दाबायचं तेवढं सांगा.

भटकी_लेखणी:
टॅब कोणता, अँड्रॉइड की आयपॅड? फाइली पीडीएफ, वर्ड की फोटो? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_खेळाडू:
कुठला का असेना, दुसरा यूजर तयार करा. अँड्रॉइड टॅबवर ही सोय २०१२ मध्ये, ४.२ आवृत्तीपासून आली. मुलांचं खातं वेगळं, आपलं वेगळं, कटकटच मिटली. आमच्याकडे असंच चालू आहे.

कावेरी_७:
वेगळा यूजर नकोय हो. फाइलीलाच पासवर्ड हवाय. पीडीएफ आहेत, थोड्या वर्डच्या.

शून्यलब्धी:
गूगलच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये सेफ फोल्डर आहे. पिन ठेवा, फाइली आत हलवा. पिन मात्र विसरू नका, विसरलात तर त्या फाइली गेल्याच समजा.

भटकी_लेखणी:
@शून्यलब्धी, पण ते कुलूप फोल्डरला झालं. फाइल बाहेर काढून कुणाला पाठवली की ती उघडीच.

शून्यलब्धी:
पाठवायची आहे असं त्या कुठे म्हणाल्या? घरातल्यांपासूनच जपायची असेल तर एवढं पुरे. फाइलीगणिक पासवर्ड लावत बसलं की एखादा तरी विसरतोच.

घननीळ:
पीडीएफ पासवर्ड टाकून उघडा, प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा. प्रिंटला बंदी नसेल तर नवी प्रत बिनपासवर्डची मिळते. बँकेच्या स्टेटमेंटना मी असंच करतो.

कावेरी_७:
घननीळ, मला पासवर्ड काढायचा नाही, लावायचा आहे!
आयपॅड आहे. आणि हो, फाइली मेलनेही पाठवायच्या आहेत. दुसऱ्यांचे वैद्यकीय रिपोर्ट आहेत. पासवर्ड लावून देणाऱ्या साइट दिसताहेत, तिथे करू का?

भटकी_लेखणी:
अजिबात नको! तिथे फाइल उघडीच चढवावी लागते, म्हणजे पासवर्ड लागायच्या आधीच ती परक्या सर्व्हरवर जाते. दुसऱ्याचे रिपोर्ट आहेत, तिथे हा धोका पत्करूच नका.
आयपॅडओएस १५ किंवा पुढचं असेल तर सोय आयपॅडमध्येच आहे. आयपॅडच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये पीडीएफ उघडा. शेअरच्या मेनूत, नवीन आवृत्तीत वर नावाशेजारच्या बाणात, ‘लॉक पीडीएफ’ दिसेल. पासवर्ड दोनदा टाकायचा, झालं. ती फाइल मेलने कुठेही गेली तरी पासवर्ड मागणारच.

जुना_खेळाडू:
आयपॅड होता तर आधी सांगायचं ना. घरगुती आयपॅडवर वेगळे यूजर होत नाहीत. अँड्रॉइडच घ्यायला हवा होता.

मृगजळ२:
पीडीएफचा पासवर्ड चुटकीसरशी तुटतो. झिप करा, म्हणजे फाइलींचा एक गठ्ठा बांधून त्याला पासवर्ड लावा.

भटकी_लेखणी:
@मृगजळ२, चुटकीसरशी निघतो तो परवानगीचा पासवर्ड, प्रिंट-कॉपी अडवणारा. तो असताना फाइल कुणालाही उघडून वाचता येते. उघडण्याचा पासवर्ड वेगळा, त्यात मजकूरच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येत नाही. लांबलचक ठेवलात तर सहजी तुटत नाही. उलट झिपची जुनी पद्धत कमकुवत आहे. एईएस ही मजबूत पद्धत वापरली तरी आतल्या फाइलींची नावं पासवर्डशिवाय दिसतात. नावातच रुग्णाचं नाव असेल तर?

मृगजळ२:
मग सेव्हन-झेड करा, झिपसारखाच दुसरा प्रकार. त्यात नावंही झाकता येतात.

भटकी_लेखणी:
येतात, पण समोरच्याकडे ते उघडायचं अ‍ॅप हवं. पीडीएफ सगळीकडे उघडते.

कावेरी_७:
लॉक पीडीएफ सापडलं!! फाइल बंद करून पुन्हा उघडली, पासवर्ड मागितला. खूप आभार. वर्डमध्ये मात्र हा पर्याय दिसत नाही.

भटकी_लेखणी:
आयपॅडच्या वर्डमध्ये पासवर्ड लावता येत नाही, लावलेली फाइल उघडता येते. कॉम्प्युटरच्या वर्डमध्ये फाइल, इन्फो, प्रोटेक्ट डॉक्युमेंट, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड असं जा. कॉम्प्युटर नसेल तर पीडीएफ करून लॉक करा. मूळ वर्डची फाइल मात्र तशीच उघडी राहते, ती डिलीट करा. ‘रीसेंटली डिलीटेड’मधूनही काढा, तिथे ती ३० दिवसांपर्यंत राहू शकते.
आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका. फोनवर सांगा.

शून्यलब्धी:
आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपणाऱ्या अ‍ॅपमध्ये, नोंदवून ठेवा. लॉक पीडीएफचा पासवर्ड विसरलात तर तोही कुणी परत देत नाही.

कावेरी_७:
वर्डच्या फाइली पीडीएफ करून लॉक केल्या, मूळच्या दोन्हीकडून काढल्या. आता मेलमध्ये आलेल्या अटॅचमेंट राहिल्या. मेल अ‍ॅपला वेगळं कुलूप लागतं का?

भटकी_लेखणी:
आयपॅडओएस १८ असेल तर अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून ठेवा, ‘रिक्वायर फेस आयडी’ किंवा ‘टच आयडी’ दिसेल. पण चेहरा किंवा बोट चाललं नाही की ते टॅबचाच पासकोड मागतं, आणि तुमचा पासकोड घरात सगळ्यांना माहीत आहे. आधी तो बदला.

कावेरी_७:
बदलते लगेच.