मुलांनी घर 'स्मार्ट' करून दिलं. पैसे सार्थकी लागले की वाया गेले?

विश्रामबागची आई

दिवाळीत मुलगा-सून पुण्याहून सांगलीला आले आणि दोन दिवसांत घराचा नूर पालटून गेले. हॉलमध्ये एक आणि स्वयंपाकघराच्या दारावर एक असे दोन कॅमेरे, सांगितलं की लागणारे दिवे, मोबाइलवरून चालू-बंद होणारा गिझर, बाहेर कोण आलंय ते दाखवणारी दारावरची बेल, आणि हे सगळं चालावं म्हणून नवं वायफाय. खर्च किती झाला विचारलं तर म्हणाला, "आई, ते तू बघू नकोस." मी बघितलं. खोक्यांवरच्या किमतींची बेरीज ३१,८०० रुपये झाली. त्यातलं बरंचसं हप्त्यांवर घेतलंय, हे सुनेच्या बोलण्यातून कळलं.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न झाल्यापासून घरखर्चाची वही लिहिते. डिसेंबरच्या पानावर विजेच्या बिलापुढे १३१ युनिट लिहिलेत. गेल्या वर्षी याच महिन्यात ११२ होते. माणसं तीच दोन, पंखे-फ्रिज तेच. हे १९ युनिट कुठून आले ते कुणी सांगेल का?

पण युनिटपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त बोचते. न्हाल्यावर केस सुकवायला हॉलच्या पूर्वेकडच्या खिडकीत बसायचं, ही माझी कैक वर्षांची सवय. आता तिथे बसलं की आधी पदर सावरते, मग वर बघते. वर तो छोटा निळा दिवा लुकलुकत असतो. परवा मुलाचा फोन आला, "बाबा दुपारी इतका वेळ सोफ्यावर का झोपले होते?" ह्यांनी तेव्हापासून सोफ्यावर आडवं व्हायचंच सोडलंय.

याच पैशात न्हाणीघराची निसरडी फरशी बदलून झाली असती, धरायला दांडा बसला असता, वर पैसे उरले असते. माझं मत स्पष्ट आहे. ही खरेदी आमच्या सोयीसाठी झालेली नाही, त्यांच्या मनाच्या समाधानासाठी झाली आहे. आणि ते समाधान आमच्या हॉलमध्ये टांगलंय. तुमचं काय म्हणणं?

कोथरूडचा सांगलीकर

काकू, तुमच्या मुलाच्या जागी मी आहे, म्हणून लिहितो. आई गेल्यापासून वडील सांगलीत एकटे राहतात. मधुमेह आहे, इन्सुलिन सुरू आहे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री नऊपासून त्यांचा फोन उचलला जात नव्हता. शेजारचे गावाला गेले होते. मी गाडी काढली. पुणे ते सांगली सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, कराडच्या पुढे पाऊस लागला. त्या चार-साडेचार तासांत मी मनातल्या मनात काय काय बघितलं ते इथे लिहीत नाही. पोचलो तेव्हा वडील न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले होते. साखर उतरली होती. वाचले.

दुसऱ्या आठवड्यात मी कॅमेरे लावले. वडील चिडले, बोलले, मी ऐकून घेतलं. आज परत तीच वेळ आली तर परत लावीन. तुम्ही म्हणता हे आमच्या समाधानासाठी आहे. हो, आहे. आई-बापाला काही झालं नाही ना, एवढं कळावं यात चूक काय? तुमच्या वहीत दुधाचा, गॅसचा रकाना आहे, माझ्या झोपेचा नाही.

मारुती चौक

माझं घर पुराच्या पाण्यातलं, त्यामुळे माझा हिशेब वेगळा. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट, म्हणजे केवढं ते बघा. पाणी शिरायला लागलं की वीज तोडतात, तोडावीच लागते. वीज गेली की वायफाय गेलं, कॅमेरा गेला, बेल गेली. तळमजल्यावरून आईला उचलून पहिल्या मजल्यावर नेलं ते समोरच्या वखारीतल्या दोन पोरांनी. माझा भाऊ मुंबईत मोबाइल हातात धरून बसला होता, त्याला काही दिसत नव्हतं.

मोबाइलला मी नावं ठेवत नाही. २०२१ ला कोयनेतून किती विसर्ग सोडलाय, आयर्विनला किती फूट झालेत, हे तासातासाला फोनवर बघूनच आम्ही वेळेत बाहेर पडलो. ते तंत्रज्ञान फुकटात होतं आणि त्याने जीव वाचवला. ३१ हजार खर्चायचेच असतील तर आधी माणसं जोडण्यावर खर्चा. आईच्या घराची एक किल्ली शेजारी ठेवा, त्यांच्या घरी कार्य असेल तर जातीने हजर राहा.

कोथरूडचा सांगलीकर

@मारुती चौक, पटतं. पण शेजारी गावाला गेले होते हे वर लिहिलंय. आणि पूर रोज येत नाही, साखर रोज उतरू शकते.

वायरमन, मिरज

काकूंच्या १९ युनिटचा हिशेब देतो. वायफायचा डबा साधारण १० वॉट, चोवीस तास चालू. म्हणजे महिन्याला ७ युनिट. दोन कॅमेरे ५-५ वॉट, ते पण चोवीस तास, अजून ७. दिव्यांना हुकूम ऐकवायचा तो बोलणारा डबा, बेल आणि गिझरचा मोबाइलवाला प्लग मिळून ३-४ वॉट धरा, अडीच-तीन युनिट. झाले १६-१७. उरलेले दोन-तीन इकडे-तिकडे. एकेक वस्तू लहान वाटते, पण कधीच बंद होत नाही, म्हणून आकडा वाढतो.

आता दुसरी बाजू. साधा जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. म्हणजे एक पंखा बदलला की कॅमेऱ्या-वायफायचा सगळा खर्च निघाला. तेव्हा बिलावरून घरात भांडू नका.

गिझर मोबाइलवरून चालवला म्हणून वीज वाचत नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ०.४४ युनिट लागणारच, बटण बोटाने दाबा नाहीतर पुण्यातून दाबा. फायदा एवढाच की विसरला तर बंद करता येतो. पण गिझर २००० वॉटचा असतो आणि प्लग जर १० अँपियरचा हलका लावला असेल तर तो तापतो. काकू, प्लगवर १६ अँपियर लिहिलंय का ते आजच बघा.

आणि एक कळकळीचं सांगणं. मी ज्या घरांत हे सगळं बसवायला जातो, तिथे दहातल्या निम्म्या घरांत आरसीसीबी नसतो. अर्थिंगची वायर नावाला असते. आरसीसीबी म्हणजे ३० मिलीअँपियर गळती झाली की क्षणात वीज तोडणारा स्विच. ओल्या हाताने गिझरला हात लागला तर माणूस वाचतो तो याच्यामुळे. दोन-अडीच हजारांची वस्तू. लोक बोलणारा दिवा घेतात आणि याला नको म्हणतात, कारण हा दिसत नाही. पाहुण्यांना काय दाखवणार?

कुपवाडची लेक

मला काकूंच्या वहीविषयी बोलायचंय, आणि थोडं कडवट वाटेल.

माझी आईसुद्धा अशीच वही लिहायची. रात्री उठली तर दिवा लावायची नाही. "दोन मिनिटांसाठी कशाला जाळायचा?" उन्हाळ्यात पंखा एकवर. गिझर पाहुणे आले तरच. आम्ही भावंडं कौतुकाने सांगायचो, आमची आई किती काटकसरी. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत पहाटे चार वाजता अंधारात न्हाणीघराकडे जाताना पायपुसण्यात पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन केलं. औषधं, बाई, वॉकर धरून पावणेदोन लाख गेले. आई आता काठी घेऊन चालते, जिना उतरत नाही. ज्या दिव्याचे पैसे वाचवले तो एलईडीचा नऊ वॉटचा होता. रात्रभर जळला असता तरी महिन्याला तीन युनिट झाले नसते.

आता तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत तीन दिवे लावलेत. पाय खाली टाकला की आपोआप लागतात, मिनिटाने विझतात. एकेक साडेतीनशेला मिळाला. त्यांना ना वायफाय लागतं, ना कॅमेरा. ते लावायला ऑपरेशन व्हावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून म्हणते काकू, 'पैसे वाया' म्हणायच्या आधी बघा, तुमच्या घरात असा कुठला दिवा आहे का, जो तुम्ही लावत नाही. आपल्या आयांच्या पिढीला स्वतःवर खर्च करणं म्हणजे उधळपट्टी वाटते. नातवाच्या सायकलला सात हजार चटकन निघतात, स्वतःच्या चष्म्याला दोन वर्षं निघत नाहीत. ही काटकसर नव्हे, स्वतःला शेवटी ठेवायची सवय आहे, आणि तिची किंमत पुढे सगळं घर मोजतं.

बँकेतून निवृत्त

हप्त्यांविषयी एक. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी हा समज चुकीचा. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट आधी किमतीत दाखवतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर प्रक्रिया शुल्क. रोखीने घेतलं तर मिळणारी सवलतही हातची जाते. रक्कम मोठी नसते, पण दहा वस्तूंचे दहा हप्ते सुरू झाले की पगार हातात येतो तो वाटून संपलेलाच. आमच्या वेळी भिशी लागली की मिक्सर यायचा. उशिरा यायचा, पण आला त्या दिवशी आपला असायचा.

कोथरूडचा सांगलीकर

भिशीची वाट बघत बसलो असतो तर वडील नसते. सगळ्या हप्त्यांना एकाच मापाने मोजू नका.

पोळीभाजीवाल्या ताई

मी चार घरी स्वयंपाक करते. त्यातल्या दोन घरांत ओट्याकडे तोंड करून कॅमेरा आहे. एका घरी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, हा आईंसाठी आहे, यात आवाज पण येतो." बरं वाटलं, निदान सांगितलं. दुसऱ्या घरी मला सहा महिन्यांनी कळलं, तेही कसं, तर मालकीणबाई बंगळूरहून फोनवर म्हणाल्या, "तेल जरा कमी घाला." मी त्या दिवशी घरी जाऊन रडले. सहा महिन्यांत मी तिथे घाम पुसला असेल, नवऱ्याशी फोनवर भांडले असेन. ते सगळं कुणीतरी बघितलं.

विश्रामबागच्या काकू, तुमच्याकडे कामाला कुणी येत असेल तर तिला सांगितलंत का? खर्चाचं तुम्ही मोठी माणसं बघा. मला एवढंच विचारायचं होतं.

विश्रामबागची आई

ताई, नाही सांगितलं. आमच्याकडे भांड्याला एक जण येते. माझ्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतःच्या पदराचं लिहीत बसले आणि तिचा विचार केला नाही. उद्या सकाळी सांगते.

कुपवाडच्या लेकी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. चष्म्याचं बरोबर ओळखलंस. पण वहीला दोष देऊ नकोस. वही होती म्हणून ह्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

वायरमनदादा, प्लग बघितला. १० अँपियर. ह्यांनी लगेच काढून गिझर पहिल्यासारखा जोडला.

वकिली करणारी

कायद्याचं विचारलं नाही, तरी सांगते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण माणसाने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. म्हणजे मुलाने आईच्या हॉलमध्ये लावलेल्या कॅमेऱ्यासाठी त्याचा आधार घेता येणार नाही. संमतीचा प्रश्न घरातच सोडवायचा आहे. आणि तो सोडवताना घर कुणाच्या नावावर आहे यापेक्षा तिथे राहतं कोण, हे आधी बघावं असं माझं मत. जाता जाता: कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड बदलला नसेल तर आज बदला. तो बहुतेकदा माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे सगळ्या जगाला माहीत असतो.

कोथरूडचा सांगलीकर

काकू, माझं मत बदललेलं नाही. पण एक कबूल करतो. वडिलांना मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ताईंचं वाचून आत्ता त्यांना फोन केला. म्हणाले, "हॉलमधला राहू दे, पण देवघर दिसतं त्यात, तेवढा फिरव." दोन वर्षांत हे मला एकदाही बोलले नव्हते. म्हणे, तू परत रात्री गाडी काढशील म्हणून गप्प बसलो.

विश्रामबागची आई

रविवारी मुलगा येतोय. स्वयंपाकघराच्या दारावरचा कॅमेरा काढून तो बाहेर फाटकावर लावायचा, हॉलमधला काढायचा, असं मी त्याला कळवलंय. तो म्हणतो, हॉलमधला नको काढूस, हवं तर दुपारी बारा ते चार बंद ठेव. मला ते पटलेलं नाही. ह्यांना पटलंय. त्यावर समोरासमोर बसूनच बोलू.

फरशीवाला सोमवारी माप घ्यायला येणार आहे. आरसीसीबीची चौकशी केली, आमच्या बोर्डात नाही. पायाखाली लागणारे दिवे दोन मागवले, सातशे रुपये. वहीत लिहिताना रकाना कोणता घालायचा ते सुचेना. शेवटी औषधांच्या खाली लिहिले.