मदत हवी आहे : दहावीचं चुंबकत्व एआर-व्हीआरने शिकवलंय का कुणी?

नमस्कार मंडळी. मी हडपसरला मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात मुलं दरवर्षी एकाच ठिकाणी अडतात. चुंबकीय क्षेत्र असतं त्रिमितीत, पण पुठ्ठ्यावरच्या लोहकिसात दिसतं सपाट. उजव्या हाताचा नियम (अंगठा धारेच्या दिशेने धरला की वळलेली बोटं क्षेत्राची दिशा दाखवतात) तोंडपाठ असतो, तरी तार उभीची आडवी केली की अंगठा कुठे, बोटं कुठे, असा गोंधळ सुरू होतो. नालकुंतलाभोवती, म्हणजे तारेच्या लांब गुंडाळीभोवती फिरून, आत डोकावून बलरेषा बघता आल्या तर हा गुंता सुटेल असं मला मनापासून वाटतं.

फेट (PhET) या मोफत संकेतस्थळाची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावरचे आभासी प्रयोग, मराठीतही आहेत, ती वापरते. उत्तमच आहेत, पण शेवटी पडद्यावरची. व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांपुढे पूर्ण आभासी दृश्य उभं करणारे, पुठ्ठ्याचे चष्मे स्वस्तात मिळतात, अडचण त्यात बसवायच्या फोनची. घरून आणलेल्या साध्या फोनमध्ये बरेचदा जायरोस्कोप (फोन कसा वळला ते ओळखणारा सेन्सर) नसतो, मग मान वळवली तरी समोरचं दृश्य जागचं हलत नाही.

म्हणून विचारते, फक्त कॅमेऱ्यावर चालणारं, वहीवर चिकटवलेल्या छापील मार्करवर (कॅमेऱ्याने ओळखायच्या खुणेच्या चित्रावर) आभासी चित्र उभं करणारं एआर कुणी या पाठासाठी वापरलंय का? मराठी लेबलं टाकता येतात का? आणि टॅब्लेट दोन-तीनच असतील तर साठ मुलांचा तास कसा बसवता? पस्तीस मिनिटांत सगळ्यांची पाळी यायला हवी.

पुण्यात कुणाच्या शाळेत हे चालू असेल तर शनिवारी दुपारनंतर येऊन बघायला नक्की आवडेल.