श्वसनसंस्थेच्या संज्ञा : ‘प्निया’ आणि ‘न्यूमो’ यांचा उलगडा हवा आहे

प्रश्न
नमस्कार. मी मेडिकल कोडिंग (रुग्णाच्या नोंदींतील निदानांना ठरावीक संकेतांक देण्याचे काम) शिकत आहे आणि श्वसनसंस्थेच्या प्रकरणात अडखळले आहे. डिस्प्निया, टॅकिप्निया, ऑर्थोप्निया यांचे अर्थ पाठ होतात, पण रुग्णाच्या नोंदीत दोन संज्ञा शेजारीशेजारी आल्या की त्या एकाच त्रासाबद्दल आहेत की वेगवेगळ्या, हे ठरवता येत नाही. दुसरी अडचण ‘न्यूमो’ची. न्यूमोनियात त्याचा संबंध फुप्फुसाशी असतो, मग न्यूमोथोरॅक्समध्ये त्याचा अर्थ हवा कसा होतो? शिवाय हायपोक्सिया आणि हायपोक्सिमिया यांत खरोखर फरक आहे का? घोकंपट्टी न करता यामागचे सूत्र समजून घ्यायचे आहे.

उत्तर १
‘प्निया’ म्हणजे श्वास. अशी संज्ञा समोर आली की ती रुग्णाने सांगितलेली आहे की तपासणाऱ्याने मोजलेली, हे आधी पाहावे. डिस्प्निया ही रुग्णाची तक्रार आहे. धाप लागते, श्वास पुरत नाही, असे तो सांगतो आणि ते त्याच्याच शब्दांवरून कळते. टॅकिप्निया मात्र घड्याळ लावून मोजतात. प्रौढ व्यक्ती विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. वेग त्याहून वाढला की ही संज्ञा लागू होते. तापाने फणफणलेल्या रुग्णाला टॅकिप्निया असूनही धाप जाणवत नसेल, आणि श्वासाचा वेग नेहमीचाच असलेला दुसरा एखादा रुग्ण जीव गुदमरतो म्हणून सांगेल. म्हणून या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे लिहिल्या जातात आणि एकीवरून दुसरी गृहीत धरणे चुकीचे ठरते.

ऑर्थोप्नियाकडे विशेष लक्ष द्यावे. यात आडवे झाल्यावर धाप लागते, पण ‘ऑर्थो’चा अर्थ आहे सरळ, ताठ, म्हणजे ज्या स्थितीत श्वास सुखाने घेता येतो, ती स्थिती नावात आली आहे. प्लॅटिप्नियाचेही तसेच आहे : उठून बसल्यावर धाप लागते, पाठ टेकली की बरे वाटते आणि ‘प्लॅटि’ म्हणजे सपाट. विद्यार्थी सर्वाधिक उलटापालट इथेच करतात.

उत्तर २
‘न्यूमो’बद्दल. ग्रीक भाषेत ‘न्यूमा’ म्हणजे वारा किंवा श्वास आणि ‘न्यूमोन’ म्हणजे फुप्फुस, आणि वैद्यकीय संज्ञांत दोन्ही एकाच रूपात उतरले आहेत. अशा वेळी शब्दाचा उत्तरार्ध पाहावा. तो एखाद्या पोकळीचे नाव असेल, तर ‘न्यूमो’ म्हणजे तिथे साठलेली हवा. थोरॅक्स म्हणजे छाती, म्हणून न्यूमोथोरॅक्समध्ये फुप्फुसावरणाच्या पोकळीत हवा शिरलेली असते, हिमोथोरॅक्समध्ये रक्त साठते आणि पायोथोरॅक्समध्ये पू. न्यूमोनेक्टॉमीत मात्र उत्तरार्धाचा अर्थ काढून टाकणे असा आहे, म्हणून तिथे फुप्फुसच अभिप्रेत आहे.

याच्याशीच जोडलेला आणखी एक घोटाळा नोंदवतो, कारण त्याचे परिणाम गंभीर असू शकतात. ‘फुप्फुसात पाणी झाले’ हे वाक्य बोलताना दोन अगदी भिन्न अवस्थांसाठी वापरले जाते. प्लुरल इफ्यूजनमध्ये द्रव फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या दोन आवरणांच्या मध्ये साठतो आणि गरज पडल्यास सुईने काढता येतो. पल्मनरी एडिमामध्ये तो फुप्फुसाच्या ऊतींत आणि वायुकोशांत उतरलेला असतो, त्यामुळे तिथे सुईचा उपयोग नाही. कोडिंग करताना रुग्णाच्या नातेवाइकांच्या वर्णनावर विसंबू नये. डॉक्टरांनी लिहिलेले निदानच धरावे.

उत्तर ३
शेवटी ‘इमिया’ असेल तर गोष्ट रक्ताची आहे. हायपोक्सिमिया म्हणजे धमनीतील रक्तात प्राणवायू कमी असणे आणि हायपोक्सिया म्हणजे ऊतींना तो कमी पडणे. पहिलीमुळे दुसरी उद्भवू शकते, पण दुसरी एकटीही आढळते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हिमोग्लोबिन त्या वायूने अडवलेले असते. रक्तातील प्राणवायूचा दाब जवळजवळ नेहमीसारखा असतो आणि तरीही ऊती उपाशी राहतात. बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटरही अशा वेळी फसवा, चांगला आकडा दाखवतो.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. झोपेच्या तपासणीच्या अहवालात ॲप्निया आणि हायपोप्निया वेगवेगळे मोजलेले असतात, त्यांत काय भेद आहे?

उत्तर १
प्रौढांमध्ये श्वासाचा प्रवाह किमान १० सेकंद जवळजवळ पूर्ण थांबला तर ॲप्निया. प्रवाह पूर्ण न थांबता किमान तेवढा वेळ बराच मंदावला आणि त्याबरोबर प्राणवायूची पातळी घसरली किंवा झोपमोड झाली, तर हायपोप्निया. झोपेच्या दर तासाला या दोन्ही घटना मिळून किती झाल्या, यावरून तीव्रता ठरते. ब्रॅडिप्निया यात धरू नये. तिचा संबंध केवळ श्वासांच्या मंद वेगाशी आहे.