वात मशीन आणि लेफ्ट-राईट प्लॅन: बचत गटाने पैसे भरण्याआधी काय तपासायचं? (कराड तालुका)

उंब्रजकर:
आमच्या गावातल्या महिला बचत गटापुढे दोन प्रस्ताव आलेत. पहिला वाती बनवायच्या मशीनचा. मशीन ४८,००० रुपये, कापूस कंपनी देणार २८० रुपये किलोने आणि तयार वात परत घेणार ६०० रुपये किलोने. ५०० च्या स्टॅम्पवर तीन वर्षांचा करार, नोटरीसकट. दुसरा आयुर्वेदिक उत्पादनांचा. १२,५०० चं जॉइनिंग किट घ्यायचं, आपल्याखाली लेफ्टला एक आणि राईटला एक आयडी (म्हणजे नवी सभासद) लागली की त्या पेअरचे, म्हणजे जोडीचे, १,००० मिळणार. दोघेही कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी, उद्यम, आयएसओ असं सगळं लॅमिनेट करून दाखवतात आणि ‘सरकारमान्य’ म्हणतात. काही बायका गटाच्या कर्जातून पैसे भरायच्या बेतात आहेत. यात कायदा कुठे लागतो आणि आधी काय बघायचं?

कोयनाकाठ:
आधी ‘सरकारमान्य’ बाजूला काढा. डायरेक्ट सेलिंगला (दुकानाऐवजी सभासद-विक्रेत्यांमार्फत थेट विक्री) परवाना देणारं कार्यालयच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २८ डिसेंबर २०२१ ला डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. त्यात कंपनीने स्वतःच घोषणापत्र द्यायचं असतं, की आम्ही पिरॅमिड किंवा मनी सर्क्युलेशन (नव्या सभासदांच्या पैशांतून आधीच्यांना पैसे देणं) चालवत नाही. म्हणजे कंपनीने स्वतःबद्दल लिहून दिलेला कागद. त्याची पोच दाखवून ‘मान्यता’ म्हणायची रीत जुनी आहे. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, तर फुकट, मोबाईलवरून होते.

त्या लॅमिनेशनमधून खरी माहिती मात्र काढता येते. कंपनीचा सीआयएन (नोंदणी प्रमाणपत्रावरचा ओळख क्रमांक) २१ अक्षरांचा असतो, त्यातली ९ ते १२ या जागांवरचे आकडे म्हणजे नोंदणीचं वर्ष. ‘पंधरा वर्षांची कंपनी’ म्हणणाऱ्याचा सीआयएन २०२४ चा निघाला की बोलणं तिथेच संपतं. कंपनी मंत्रालयाच्या साईटवर मास्टर डेटा उघडा. भरणा झालेलं भांडवल आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, हे दोन रकाने बघा. एक लाख भांडवलाची कंपनी गावोगाव तीन-तीन वर्षांच्या खरेदीची हमी देत असेल तर ती हमी कशाच्या जोरावर? जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की रिटर्न भरल्याचा तक्ता दिसतो. सहा महिने रिटर्न नाही म्हणजे कागदोपत्री धंदाच चालू नाही.

आता लेफ्ट-राईट. मुद्दा एकच: नवीन माणूस न जोडता, नुसता माल बाहेरच्या गिऱ्हाईकाला विकून पैसे मिळतात का? पेअरचे हजार आयडीवर मिळत असतील, मालाच्या विक्रीवर नाही, तर तो १९७८ च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) कायद्याचा विषय होतो. किटमध्ये चार डबे आहेत म्हणून सुटका होत नाही. त्या कायद्याचं कलम ३ नीट वाचा. योजना चालवणाऱ्यांवरच नाही, सभासद होणाऱ्यांवर आणि त्यासाठी पैसे घेणाऱ्या-पाठवणाऱ्यांवरही बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गटाची अध्यक्षा शेजारणींच्या आयडी लावत सुटली तर उद्या तिचं नाव फिर्यादीत नाही, आरोपींत येईल.

हिशेबही करून बघा. प्रत्येकीने दोघी जोडल्या तर बाराव्या पायरीला ४,०९६ जणी लागतात आणि वरच्या धरून ८,१९१ होतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त शेवटच्या पायरीवर, हाताखाली कोणी नाही. गावात एवढी माणसं तरी आहेत का?

मिरज_जंक्शन:
सरसकट सगळ्यांना एकाच दोरीने बांधू नका एवढंच म्हणेन. कायद्याने चालणाऱ्या कंपन्याही आहेत आणि त्या ओळखता येतात. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांपासूनचं सूत्र असं: प्रवेश फी नाही, भरतीवर मोबदला नाही, खपेल त्यापेक्षा जास्त माल गळ्यात मारायचा नाही, न विकलेला माल परत घ्यायचा. २०२१ च्या नियमांत तक्रार अधिकारी हवा, ४८ कामाच्या तासांत पोच आणि साधारण महिन्यात निवारण. विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय दारात यायचं नाही. तुमच्याकडे येणाऱ्याला म्हणावं, लेखी करार दे, त्यात कूलिंग-ऑफची (करारातून विनादंड बाहेर पडायची) मुदत आणि माल परतीचं कलम दाखव. बहुतेक इथेच मीटिंगची तारीख पुढे ढकलली जाते.

‘शुगर कायमची जाते’ असं कोणी सांगत असेल तर तो वेगळा गुन्हा, १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा. असली पोस्ट व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणाऱ्या बाईलाही तो भोवू शकतो. खाण्याची पावडर असेल तर डब्यावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक असतो, तो तपासा.

वाईचा_घाट:
सगळे चेन मार्केटिंगवर बोलतायत, पण गटाला जास्त धोका वात मशीनचा आहे. तिथे २०२१ चे नियम लागूच होत नाहीत. तो मशीन विक्रीचा आणि खरेदी हमीचा साधा करार. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरचं कडकनाथ कोंबडीपालनाचं फसवणूक प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं, तेव्हाही मूळ आमिष हेच होतं: आम्हीच देणार, आम्हीच परत घेणार.

तुमचेच आकडे घ्या. किलोमागे ३२० सुटतात असं दिसतं, म्हणजे मशीन फिटायला १५० किलो. पण कापसाची घट धरायला हवी. दहा टक्के घट धरली तर एक किलो कापसाची ९०० ग्रॅम वात, ५४० रुपये, सुटले २६०. आता १८५ किलो कापूस लागतो. वीज, दुरुस्ती आणि कराडपर्यंतचं भाडं अजून धरलेलं नाही. करारात महिन्याला किमान किती किलो घेणार हा आकडा आहे का? बहुधा नसतो. असतं ते वाक्य असं: ‘माल कंपनीच्या गुणवत्तेस उतरल्यास खरेदी करण्यात येईल.’ पीळ सैल, लांबी कमी-जास्त, ओलसर, असं म्हणून पहिल्या दोन खेपा घेतात आणि तिसरी परत पाठवतात. गुणवत्तेचं माप मिलिमीटर-ग्रॅममध्ये करारात लिहून मागा, सोबत नमुना सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्या.

साताऱ्यात किंवा कराडात पूजा साहित्याच्या घाऊक दुकानात वातीचा किलोचा भाव विचारा. कंपनी त्याहून महाग घेत असेल तर ती वात विकून कमावत नाही, मशीन विकून कमावते. तेच मशीन दुसरीकडे कितीला मिळतं तेही बघा. नोटरीने सह्या खऱ्या असल्याचं कळतं, करार पाळला जाईल असं नाही. आणि गटकर्ज उचलण्याआधी उमेदच्या (बचत गटांसाठीचं राज्य सरकारचं अभियान) प्रभाग समन्वयकाला हा करार वाचायला द्या.

उंब्रजकर:
धन्यवाद. किमान किलोचा आकडा करारात खरंच नाही. पण सात-आठ जणींनी मशीनसाठी ५,००० आगाऊ दिलेत, फोनवरून, एका माणसाच्या नावावर. त्याबदल्यात कंपनीचा चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून मिळालाय. आता?

कोयनाकाठ:
कंपनीच्या खात्याऐवजी माणसाच्या खात्यात गेले हीच पहिली नोंद करून ठेवा. प्रत्येकीचं नाव, तारीख, रक्कम, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, कोणाला दिले, असा एक तक्ता करा. पैसे परत मागणारं पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने पाठवा. व्हॉट्सॲपचं चॅट डिलीट करू नका, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

पैसे आले नाहीत तर रस्ते दोन. मशीन घेणारी बाई स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेत असेल तर कायद्याने ती ‘ग्राहक’ ठरते. सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि करारात ‘वाद दिल्ली न्यायालयात’ लिहिलं असलं तरी राहत्या ठिकाणी दावा चालतो. जॉइनिंग किट पुन्हा विकायला घेतलेल्या बाईला मात्र हा दरवाजा अवघड, पुनर्विक्रीसाठी घेणारा ग्राहक धरत नाहीत. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली तर कधी कधी तेवढ्यावरच पैसे सुटतात.

दुसरा रस्ता पोलिसांचा: फसवणूक, भारतीय न्याय संहिता कलम ३१८. ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ ऐकायला मिळेल. अर्ज लेखी द्या, प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे. परताव्याचं वचन देऊन बऱ्याच जणींकडून पैसे गोळा केले असतील तर १९९९ चा एमपीआयडी (महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण) कायदा लावा अशी लेखी मागणी त्यातच करा. त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते. वेळ लागतो, पण जप्तीशिवाय हातात काही येत नाही.

वाईचा_घाट:
चेकवरची तारीख आजच बघा. तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा, नाहीतर तो नुसता कागद. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, मग पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तारीख कोरी असेल तर स्वतः भरण्याआधी वकिलाला दाखवा. आणि मशीनची उरलेली रक्कम ‘चेक वटेल, आधी बाकी भरा’ म्हणून मागितली तर देऊ नका.