मदत हवी आहे: ओसीडीसाठी ऑनलाइन थेरपी पुरेल, की भावाला पुण्यालाच आणू?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. त्याला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार मनात येत राहणं आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणं. वय २४, उदगीरला आईबाबांजवळ असतो. हात धुणं वाढत वाढत आता असं झालंय की बाहेरून आला की तासभर बाथरूममध्ये. दाराची कडी कोपराने काढतो. बाबांनी बाजारातून आणलेल्या पिशवीला शिवत नाही. आणि दिवसभर आईला एकच प्रश्न, "झालं ना गं स्वच्छ?" आईही दर वेळी "झालं रे बाबा" म्हणते, काय करणार!

लातूरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, थोडा उतार आहे. पण जोडीला ईआरपी हवीच असं ते म्हणाले. म्हणजे ज्याची किळस किंवा भीती वाटते त्याला मुद्दाम, पायरीपायरीने हात लावायचा आणि न धुता थांबायचं. ती करून घेणारं जवळपास कुणी सापडेना. एका समुपदेशकांनी "प्राणायाम कर, मन गुंतव" एवढ्यावर बोळवण केली.

पुण्यातल्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हिडिओवर सत्रं घ्यायला तयार आहेत. नाहीतर त्याला काही महिने माझ्याकडे कोथरूडला आणायचं आणि दर आठवड्याला प्रत्यक्ष न्यायचं. बाबा म्हणतात, "मोबाईलवर बोलून कुठं माणूस बरा होत असतोय का?" मलाही शंका आहेच. घर लहान, एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं. रेंजचा भरवसा नाही. शिवाय कॉल बंद झाला की हा गुपचूप हात धुऊन येणार नाही कशावरून?

दोन्ही प्रकार अनुभवलेल्यांनी कृपया लिहा. योगासनांच्या लिंका नकोत, त्या घरच्या ग्रुपवर रोज येतात.

प्रतिसाद १ (याच क्षेत्रात काम करते)

ताई, बाबांना सांगायला आधी एक आकडा देते. पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ऑनलाइन आणि समोरासमोरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, ईआरपी तिचाच एक प्रकार) यांची थेट तुलना करणारे २० अभ्यास एकत्र तपासले. त्यात १,४१८ माणसं होती, आणि परिणामातला फरक जवळजवळ शून्य निघाला. मात्र कुणी हा आकडा दाखवून पॅकेज विकायला आलं तर सावध राहा. त्यातलं 'ऑनलाइन' म्हणजे व्हिडिओ कॉल नव्हे. नेमून दिलेले धडे रुग्णाने वाचायचे, सराव करायचा आणि थेरपिस्टने मुख्यतः लिहून मार्गदर्शन करायचं, असा तो प्रकार आहे. शिवाय नैराश्य, पॅनिक, निद्रानाश असे नाना त्रास त्यात एकत्र आहेत.

तुमच्या भावाच्या बाबतीत मला व्हिडिओची बाजू उलट जड वाटते. क्लिनिकच्या फरशीला हात लावायला बरेच रुग्ण तयार होतात. जागा परकी असते, आणि काही झालंच तर जबाबदारी मॅडमची! खरी भीती घरच्या कडीची आणि बाबांच्या पिशवीची आहे. कोथरूडला आणलंत तर नेमक्या त्याच दोन गोष्टी मागे राहतील. व्हिडिओवर पिशवी समोर ठेवून सराव करता येतो. लपून हात धुण्याचं म्हणाल, तर क्लिनिकमधून घरी जाऊनही लोक धुतातच. म्हणून सत्र संपल्यावरचा तास ठरवून घ्यावा लागतो. आईलाही दोन-तीन सत्रांत बसवा. तिचं "झालं रे बाबा" आजाराला खतपाणी घालतंय. ते एकदम तोडायचं नाही, भावाशी ठरवून हळूहळू कमी करायचं.

थेरपिस्ट निवडताना आरसीआय (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणारी भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी पाहा आणि "ओसीडीच्या किती रुग्णांची ईआरपी केलीत?" असं सरळ विचारा. सुरुवातीला वाय-बॉक्स मोजून घ्या. ओसीडीची तीव्रता मोजणारी दहा प्रश्नांची ती मोजपट्टी आहे, ० ते ४० गुण. गुण साधारण ३५ टक्क्यांनी उतरले तर उपचार लागू पडला असं धरतात. पहिल्याच सत्रात त्यांनी घरचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर मागायला हवा. नाही मागितला तर मला ते खटकेल.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील किंवा खाणंपिणं सुटलं असेल, तर व्हिडिओवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पण तो तातडीचा आधार आहे, आठवड्याच्या ईआरपीची जागा तो घेणार नाही.

प्रतिसाद २

मी स्वतः रुग्ण. माझा ओसीडी गॅस आणि कुलूप तपासण्याचा. आधी प्रत्यक्ष, मग बदली झाल्यावर ऑनलाइन. ईआरपी ऑनलाइनच जास्त लागू पडली, कारण गॅस घरातच होता :) पण एक उणीव सांगतो. क्लिनिकहून परतताना बसमध्ये अर्धा तास एकटं बसायला मिळायचं, त्यात डोकं निवायचं. घरी लॅपटॉप मिटला की समोर आई, "काय म्हणाल्या मॅडम?"

ऐकू जाण्यावर उपाय: इअरफोन घाला आणि दाराबाहेर पंखा किंवा टीव्ही लावून ठेवा. ज्या गोष्टी तोंडाने बोलायची लाज वाटायची, त्या मी चॅटमध्ये टाइप करायचो. व्हिडिओ तुटला तर साध्या फोनवर पुढे चालू, हे आधीच ठरलेलं असू द्या.

प्रतिसाद ३

आमचा अनुभव वेगळा. मुलगी पंधराची, नैराश्य. कॅमेऱ्यासमोर "हो, ठीक आहे" यापलीकडे शब्द नाही. प्रत्यक्ष गेल्यावर बाईंनी तिची कुरतडलेली नखं पाहिली आणि तिथून बोलणं सुरू झालं. न बोलणाऱ्या मुलांना मोबाईलसमोर बसवू नये असं माझं मत.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. भाऊ बोलका आहे, त्यामुळे प्रतिसाद ३ मधली अडचण बहुधा येणार नाही. आत्महत्येचे विचार नाहीत, हे लातूरच्या डॉक्टरांनी विचारून घेतलंय. पुण्याच्या मॅडमना आज फोन केला. आरसीआय नोंदणी आहे, ईआरपी नेहमी करतात. पहिली दोन सत्रं प्रत्यक्ष, मग घरून व्हिडिओवर, असं त्यांनीच सुचवलं. बाबाही सोबत यायला तयार झालेत, "बघू तरी कोण हाय ती" म्हणून.

आता एकच विचारायचंय: गोळ्यांचे डॉक्टर लातूरला आणि थेरपी पुण्याची, तर या दोघांचं आपसात बोलणं कसं घडवून आणायचं? चिठ्ठी घेऊन जायची, की थेट फोन जोडून दिलेला चालतो? कुणी केलं असेल तर इथे लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.