अमेरिकेचा मिक्सर आणि इंग्लंडची किटली, कन्व्हर्जन प्लग लावून चालेल का?

फोंड्याची_केकवाली:
नमस्कार मंडळी. भाऊ तारवटी (बोटीवर नोकरीला) आहे, अमेरिकन क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात असतो, यावेळी येताना माझ्यासाठी केकचा स्टँड मिक्सर आणला आणि स्वतःचा लॅपटॉपपण तिकडचाच. शिवाय इंग्लंडमधल्या स्विंडनच्या मावशीने इलेक्ट्रिक किटली पाठवलीय, तिच्या प्लगला तीन चपट्या जाड पिना. मिक्सरच्या खाली लिहिलंय १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३०० वॅट. मडगावात एका दुकानात विचारलं तर म्हणे युनिव्हर्सल प्लग लावा, सगळं चालतं. नाताळच्या ऑर्डरी यायला लागल्यात पण एवढं महागाचं मशीन, हात धजत नाही. कोणी वापरतंय का असं काही?

वायरमन_डिचोली:
ताई, मिक्सर तसाच लावू नका, हात जोडून सांगतो. कन्व्हर्जन प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, आत येणारी लाईन तीच आपली २३० व्होल्टची. १२० च्या मोटरला २३० दिले की आतलं तारांचं वाइंडिंग जळालंच समजा, आणि हीटरवाली वस्तू असेल, म्हणजे तिकडचा टोस्टर, हेअर ड्रायर, तर साडेतीनपटीहून जास्त पॉवर ओढते, आग लागायची भीती. मिक्सरला स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, २३० चे ११० करणारा. प्रवासात वापरायचे छोटे हलके कन्व्हर्टर मिळतात ते मोटरला घेऊ नका.

लॅपटॉपची काळजी नको. त्याच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात इनपुट वाचा, १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर तो आपोआप जुळवून घेतो. फक्त तिकडची केबल वापरू नका, तिच्यावर बहुतेक १२५ व्होल्टच लिहिलेलं असतं. अडॅप्टरपासून केबल सुटी होते ना, तशीच आयएसआय मार्कची इकडची घ्या, स्वस्तात मिळते, कन्व्हर्जन प्लगची गरजच नाही.

म्हापशेकर_बाय:
किटलीबद्दल मी सांगते, आमच्याकडे पण आहे तिकडची. व्होल्टेज जुळतं, तिकडे पण २३०, ५० हर्ट्झ. अडचण आहे वॅटची. खाली बघ, ३००० असेल तर १३ अँपिअर झाले, आणि आपला साधा छोटा पॉइंट ६ चा. युनिव्हर्सल प्लग घालून त्यात लावली तर प्लग तापून मऊ होतो, जळका वास येतो. गिझर-ओव्हनचा मोठा १६ चा पॉइंट असतो तिथेच लाव, आणि वायरमनकडून प्लग कापून १६ चा थ्री पिन टॉप बसवून घे. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अर्थ सोडायची नाही, ओट्यावर ओल्या हाताने धरायची वस्तू आहे ती.

पोर्तुगालहून_परत:
जाता जाता एक. पोर्तुगालच्या दोन गोल पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये जातो, म्हणून लोक तसाच लावतात. त्या पिना आपल्यापेक्षा बारीक, सैल बसतात, ठिणग्या उडतात, आणि अर्थ तर लागतच नाही.

फोंड्याची_केकवाली:
सगळ्यांचे खूप आभार, लॅपटॉपवर १००-२४० आहे, सुटले. पण दादा, ट्रान्सफॉर्मर ३०० वॅटचाच घेऊ का? आणि ते ६० हर्ट्झचं काय करायचं? पावसात आमच्याकडे लाईट खूप वरखाली होते ते वेगळंच.

वायरमन_डिचोली:
३०० चा नको ताई, घट्ट मैदा मळताना आणि चालू करताना मोटर जास्त ओढते, निदान ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद त्यात मोजतात) घ्या, ७५० चा मिळाला तर उत्तम. हर्ट्झ ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. मोटरच्या दोन्ही बाजूंना गोल टोपणं दिसतात का बघा, आत कार्बन ब्रश असले तर आपल्या ५० हर्ट्झवर बिनघोर चालते. बिनब्रशची इंडक्शन मोटर असेल तर हळू फिरते, जास्त तापते. अमेरिकेचा मायक्रोवेव्ह मात्र कोणी देऊ केला तरी घेऊ नका, आतला ट्रान्सफॉर्मर ६० साठी बनवलेला असतो, ५० वर भयंकर तापतो.

वरखाली लाईटचं म्हणाल तर ट्रान्सफॉर्मर ती सुधारत नाही, त्याच प्रमाणात पुढे ढकलतो. लाईन २६० झाली तर मिक्सरला १२४ जाणार, १९० झाली तर ९१. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर, मग मिक्सर. आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढूनच ठेवा.