'कुडन्ट क्रिएट': लायब्ररी सापडत नाही तेव्हाचे अनुभव

परवा रात्री प्युअर डेटा (पीडी) या ध्वनीच्या प्रोग्राममधला माझा एक जुना पॅच, म्हणजे चौकटी आणि तारांची मांडणी, उघडला. एका ध्वनि-प्रयोगासाठी केलेला, चांगला चालणारा. उघडला तर निम्म्या चौकटींच्या कडा तुटक रेषांच्या, आणि मागच्या खिडकीत लाल अक्षरांत एकाखाली एक 'कुडन्ट क्रिएट', 'कुडन्ट क्रिएट', म्हणजे 'ही चौकट बनवता आली नाही'. प्युअर डेटा वापरणाऱ्यांना हे दोन शब्द शिवीसारखे परिचित आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीडीत आपण कोड लिहीत नाही. चौकटी मांडतो, तारा जोडतो, आवाज निघतो. हे मिलर पकेट यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलं. त्याआधी पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स या अशाच चौकटी-तारांच्या प्रोग्रामचा पाया घालणारेही तेच. चौकटीत नाव लिहिलं की प्रोग्राम त्या नावाची वस्तू शोधतो. ती आधीच स्मृतीत असेल तर ठीक, नाहीतर ठरलेल्या फोल्डरांमधून शोधत जातो. आपल्या सगळ्या रडकथा या 'शोधत जातो' मधल्या.

माझा पॅच पीडी-एक्स्टेंडेडच्या काळातला निघाला. त्यात डझनावारी लायब्ऱ्या, म्हणजे जादा वस्तूंचे संच, सोबतच यायच्या आणि सुरू होतानाच आपोआप चढायच्या, त्यामुळे कुठली चौकट कुठून येते हा प्रश्नच कधी पडला नाही. त्याची शेवटची स्थिर आवृत्ती ०.४३.४, साल २०१३. साध्या पीडीत यातलं काहीच आपोआप होत नाही. पॅचच्या डोक्यावर मी मोठ्या विश्वासाने 'इम्पोर्ट' ही चौकट ठेवली होती, आणि साध्या पीडीला तीसुद्धा ओळखता आली नाही. म्हणजे लायब्ऱ्या आणायला पाठवलेला माणूसच हरवलेला.

मग मी व्हायचा तो मूर्खपणा केला. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन सापडतील तेवढे सगळे फोल्डर शोधमार्गात घातले, वीसेक तरी असतील. चौकटी उगवल्या, पण पॅच चुकीचा वाजायला लागला. 'काउंटर' नावाची वस्तू सायक्लोन या लायब्ररीतही आहे आणि एल्स या लायब्ररीतही, आणि दोघींना द्यायची आर्ग्युमेंट्स वेगळी. ज्या फोल्डरचं नाव यादीत वर, त्याची वस्तू उचलली जाते. आधीची लाल अक्षरं परवडली, कारण निदान ती दिसत तरी होती. शेवटी चौकटीत 'सायक्लोन/काउंटर' असं आडनावासकट लिहिलं आणि यादीतले वीसच्या वीस फोल्डर काढून टाकले.

तुमचेही असे किस्से असणार. कुठे अडलं, कसं कळलं, ते लिहा. मॅक्सवाल्यांनीही यावं.

प्रतिसाद:

रात्रपाळी

माझा किस्सा ऐन कार्यक्रमाच्या दिवशीचा आहे. दोन पॅच होते: एक मिक्सरसारखा, दुसरा मुख्य वादनाचा. महिनाभर तालमी झाल्या, रंगीत तालीमही बिनबोभाट. त्या दिवशी मिक्सर लागणार नव्हता म्हणून फक्त मुख्य पॅच उघडला, आणि तुटक रेषांचा सडा.

कारण नंतर कळलं. झेक्सी लायब्ररी चढवण्याची ओळ मिक्सरच्या पॅचमध्ये होती. एकदा लायब्ररी चढली की पीडी बंद होईपर्यंत ती स्मृतीतच राहते आणि उघडलेल्या प्रत्येक पॅचला मिळते. माझा मुख्य पॅच महिनाभर शेजाऱ्याच्या मिठावर जगत होता!

तेव्हापासून पॅच 'चालतो' असं म्हणण्याआधी मी पीडी पूर्ण बंद करतो आणि '-नोप्रेफ्स' लावून फक्त तोच पॅच उघडतो. प्रेफरन्सेस वाचल्याच जात नाहीत, त्यामुळे पॅचने स्वतः काय काय आणलंय ते उघडं पडतं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझे सात पॅच नागडे निघाले.

झुळूक

मी नवीन आहे, किस्सा नाही, अडचण आहे. विंडोजवर झेक्सी उतरवली, डॉक्युमेंट्समधल्या पीडीच्या एक्स्टर्नल्स फोल्डरमध्ये ठेवली, पॅचमध्ये 'डिक्लेअर -लिब झेक्सी' लिहिलं. तरी 'कान्ट लोड लायब्ररी'. तीन दिवस झाले. कुणी सांगेल का?

तारेवरची

झुळूक, दोन गोष्टी तपासा. पीडी ६४ बिटांचं आहे का आणि उतरवलेली लायब्ररीही ६४ बिटांचीच आहे का. ६४ बिटांच्या पीडीत ३२ बिटांची लायब्ररी चढत नाही, कितीही योग्य जागी ठेवली तरी. विंडोजवर फाइलच्या नावाच्या शेवटी 'एम_आय३८६' असेल तर ३२, 'एम_एएमडी६४' असेल तर ६४. नुसतं 'डीएलएल' असेल तर मात्र नावावरून कळत नाही.

आता 'डिक्लेअर'बद्दल, कारण यात मी स्वतः वर्षभर गोंधळलेली होते. लायब्ऱ्या दोन तऱ्हांच्या असतात. काहींत प्रत्येक वस्तूची वेगळी फाइल असते, म्हणजे फोल्डर हीच लायब्ररी. तिथे '-पाथ' पुरतं. काही म्हणजे एकच गाठोडं असतं, एका बायनरीत पन्नास वस्तू. पीडी 'अमुक' नावाची फाइल शोधणार आणि तशी फाइल तर नाहीच! गाठोडं आधी सोडावं लागतं, त्यासाठी '-लिब'. चित्रांसाठीची जेम ही लायब्ररी म्हणजे असं गाठोडं. (लिनक्सवर नावातला पहिला वर्ण कॅपिटलच हवा. मॅकवर सहसा खपून जातं, आणि म्हणूनच मॅकवाल्याचा पॅच लिनक्सवाल्याकडे मरतो.)

सायक्लोन या दोन्हींच्या मधली. बहुतेक वस्तू सुट्या, पण ज्यांची नावं नुसती चिन्हांची आहेत, उदाहरणार्थ मोठेपणाचं चिन्ह आणि पुढे लाट, अशी नावं फाइलला देणं विंडोजला चालत नाही, म्हणून त्या गाठोड्यात आहेत. मी फक्त '-पाथ' लिहिलं होतं. सगळं चाललं, तेवढ्या चिन्हांच्या चौकटी सोडून. मला वाटलं लायब्ररीच बिघडलेली आहे.

आणि 'डिक्लेअर' लिहून झाल्यावर पॅच सेव्ह करून, बंद करून, परत उघडायचा. सेव्ह करताना ती ओळ फाइलच्या अगदी वर जाते, त्यामुळे पुढच्या वेळी बाकीच्या चौकटी बनायच्या आधी मार्ग तयार असतो. आत्ता तुटलेल्या चौकटी तुमच्याकडे बघून आपोआप बऱ्या होत नाहीत.

जुनाखोड

+१ तारेवरची. 'परत उघडायचा' यावर माझे दोन दिवस गेलेत. जास्त सांगत नाही.

खटपट्या

लिनक्सचा अनुभव. डेबियनच्या पॅकेजांतून सायक्लोन, झेक्सी, जेम सगळं बसवलेलं, मजेत चाललं होतं. मग नव्या आवृत्तीचा मोह झाला आणि पीडी सोर्समधून स्वतः बांधलं. नवं पीडी सुरू, लायब्ऱ्या गायब. पॅकेज मॅनेजर म्हणतो बसवलेल्या आहेत, पीडी म्हणतं नाहीत, आणि दोघंही खरं बोलत होते.

मी पुन्हा बसव, पुन्हा काढ असं संध्याकाळभर केलं. शेवटी टर्मिनलमधून '-व्हर्बोज' लावून पीडी सुरू केलं. आधीच करायला हवं होतं. मग ते मुकाट्याने नाही म्हणत नाही, कुठे कुठे जाऊन आलं ते सांगतं: ही फाइल पाहिली, नाही; ती पाहिली, नाही; फाइलच्या नावाच्या एकेका शेपटीसकट. त्या लांबलचक यादीत सिस्टिमचे सगळे पत्ते 'यूएसआर/लोकल/लिब' खालचे. पॅकेजांनी लायब्ऱ्या ठेवलेल्या नुसत्या 'यूएसआर/लिब/पीडी/एक्स्ट्रा' मध्ये. हाताने बांधलेलं पीडी तिकडे ढुंकूनही बघत नव्हतं. तो एक मार्ग घातला, काम झालं.

झुळूक, तुम्हीही हेच करा. अंदाज बांधण्यापेक्षा ती यादी वाचा. कंटाळवाणी असते, पण तुमच्या चुकीचा पत्ता त्यात लिहिलेला असतो.

मंद्रसप्तक

मी मॅक्सवाला. आमच्याकडे लाल ओळ वेगळी, 'नो सच ऑब्जेक्ट'. पण माझा त्रास वस्तू न सापडण्याचा नव्हता, चुकीची सापडण्याचा होता. फाइल प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर घातला की त्याच्या पोटातले फोल्डरही शोधात येतात, आणि माझ्या फोल्डरच्या पोटात 'जुने' नावाचा फोल्डर होता. अ‍ॅब्स्ट्रॅक्शनमध्ये (दुसऱ्या पॅचमध्ये चौकट म्हणून वापरायचा पॅच) बदल करत होतो, सेव्ह करत होतो, मुख्य पॅचमध्ये ढिम्म फरक नाही. 'जुने' मधली त्याच नावाची प्रत उचलली जात होती. शेवटी 'अ‍ॅब्सोल्यूटपाथ' या वस्तूला फाइलचं नाव दिलं, तिने पूर्ण पत्ता ओकला, आणि मी कपाळावर हात मारला. आता जुन्या प्रती शोधमार्गाच्या बाहेर.

रात्रपाळी

मंद्रसप्तक, पीडीत यासाठी 'फाइल व्हिच' आहे. नाव द्या, शोधमार्गात ते कुठे सापडलं ते सांगते.

फुंकर

माझा लाजिरवाणा आहे, तरी सांगते. एका लायब्ररीतली वस्तू समजून घ्यायला छोटा पॅच केला आणि त्याला त्या वस्तूचंच नाव दिलं. पॅच ज्या फोल्डरमध्ये असतो तिथे पीडी आधी बघतं. त्यामुळे पॅचच्या आतली चौकट म्हणजे तो पॅचच, त्याच्या आत परत तो पॅच. थोडा वेळ सगळं गोठलं आणि मग 'मॅक्सिमम ऑब्जेक्ट लोडिंग डेप्थ १००० रीच्ड'. आरशासमोर आरसा. मी लायब्ररी लिहिणाऱ्याला दोष देत दुसरी आवृत्ती उतरवायला निघाले होते.

याच्या उलटंही करून पाहिलंय. 'पॅक' नावाचं स्वतःचं अ‍ॅब्स्ट्रॅक्शन केलं, तर ते कधी उघडलंच नाही. 'पॅक' पीडीच्या पोटातलीच वस्तू, ती सापडल्यावर फाइल शोधायला कुणी जातच नाही.

खटपट्या

फुंकर, १००० वाला मीही केलाय. दोनदा.

दिवाबत्ती

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा किस्सा. ध्वनीचं एक मांडणीशिल्प, विजेचं बटण दाबलं की आपोआप वाजलं पाहिजे. हाताने सुरू केलं की वाजायचं, आपोआप सुरू झालं की शांतता. पडदा जोडलेला नाही, त्यामुळे लाल अक्षरं कुणाला दिसणार? आठवडाभर ऑडिओ कार्ड बदलत होतो, केबल बदलत होतो.

सुरुवातीची सेवा रूट (सिस्टिमचा मुख्य वापरकर्ता) म्हणून चालत होती, आणि शोधमार्ग मी माझ्या वापरकर्त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये लिहिलेले. रूटच्या घरात ती फाइलच नाही. आता मार्ग, लायब्ररी, पॅच सगळं सुरू करायच्या आज्ञेतच पूर्ण पत्त्यांसह लिहितो: '-नोगुई', '-पाथ', '-लिब', '-ओपन'. शिवाय सेवा माझ्याच नावाने चालवतो. प्रेफरन्सेसची खिडकी ही माणसांसाठी आहे, यंत्र एकटं राहणार असेल तर तिच्यावर विसंबू नये असं माझं मत झालंय.

तारेवरची

मॅकवाल्यांसाठी एक पटकन. मार्ग बरोबर, फाइल जागेवर, तरी चढत नाही आणि 'डेव्हलपरची खात्री करता येत नाही' असं काहीतरी दिसतं, तर तो शोधमार्गाचा प्रश्नच नव्हे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर सिस्टिम विलगीकरणाचा शिक्का मारते. टर्मिनलमधून 'एक्सअ‍ॅटर'ने तो काढता येतो. लायब्ररी कुठून आणली याची खात्री असेल तरच काढा. आणि एम मालिकेच्या चिपवर जुनी इंटेलसाठीची लायब्ररी असेल तर पीडी रोझेटातून (इंटेलसाठीचे प्रोग्राम चालवणारी मॅकमधली सोय) चालवावं लागतं.

फुंकर

अजून एक आठवलं. आवाजाच्या फाइलींचंही तेच. आवाजाच्या फाइली वाचणाऱ्या 'साउंडफाइलर'ला नुसतं फाइलचं नाव दिलं की तो पॅचच्या फोल्डरपासून शोधतो. मी तो भाग उचलून दुसऱ्या फोल्डरमधल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्शनमध्ये टाकला, आणि तेव्हापासून तो त्या अ‍ॅब्स्ट्रॅक्शनच्या फोल्डरपासून शोधायला लागला. एकही तार बदललेली नाही आणि नमुन्यांच्या सगळ्या फाइली गायब.

झुळूक

सगळ्यांचे आभार. सापडलं!

बिट बरोबर होते, ६४ आणि ६४. मग खटपट्यांनी सांगितलं तसं व्हर्बोज लावून यादी वाचली. पीडी बघत होतं 'एक्स्टर्नल्स/झेक्सी/झेक्सी' नावाची फाइल. माझ्याकडे होतं 'एक्स्टर्नल्स', मग आवृत्ती आणि कंस असलेलं लांबलचक नाव, मग 'झेक्सी', मग फाइल. पीडीच्या आतून शोधून बसवायची सोय मला माहीतच नव्हती. मी लायब्ररीची 'डेक' फाइल हाताने उतरवली, कुणीतरी सांगितलं ती झिपच असते म्हणून नाव बदलून उघडली, आणि विंडोजने उघडताना स्वतःचा एक जास्तीचा फोल्डर घातला. एक पायरी खाली, एवढंच! फोल्डर वर उचलला, पॅच सेव्ह केला, बंद केला, उघडला. (जुनाखोड, तुमची आठवण काढली.)

आता सगळ्या चौकटी सलग रेषांच्या. लाल अक्षर एकही नाही.

आवाज मात्र येत नाहीये.

झुळूक

डीएसपी (पीडीतला आवाज चालू करायचं बटण) चालू करायचं राहिलं होतं. आला.